नावाची पाटी कुणाच्या नावावर?

शायराला दोन नावं असतात. एक आईवडिलांनी ठेवलेलं. ते रेशनकार्डावर असतं, शाळेच्या दाखल्यावर असतं. दुसरं त्यानं स्वतः घेतलेलं, त्याला तखल्लुस म्हणतात. मुशायऱ्यात लोक तखल्लुसनंच हाक मारतात, त्याच नावानं दाद देतात. पण पोस्टमन पार्सल घेऊन मोहल्ल्यात येतो तेव्हा त्याला तखल्लुसाचा काही उपयोग नसतो. त्याला घर नंबर लागतो. मग कोपऱ्यावरचा पानवाला सांगतो, ‘अहो, ते शायर ना? मशिदीमागचं चौथं घर.’ नाव एकीकडे, घर दुसरीकडे, आणि दोघांची गाठ घालून देणारा मधला एक माणूस.

इंटरनेटचा कारभारही असाच चालतो. आपण एखाद्या वेबसाइटचं नाव टाइप करतो, डॉट कॉम किंवा डॉट इन म्हणतो, आणि पान उघडतं. पण यंत्राला नाव कळत नाही, त्याला आकडे कळतात. जाळ्यातल्या प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा एक पत्ता असतो. मधला पानवाला नावावरून तो आकडा सांगतो, तेव्हाच आपण घरापर्यंत पोचतो. हा पानवाला कोण, त्याला आपणही थेट विचारू शकतो का, आणि वेळेवर न विचारल्यानं काय होतं, हे आज सांगायचं आहे. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. संगणकाशी माझा संबंध टायपिंगपुरता. तरीही या विषयावर बोलायचं धाडस करतोय, कारण हा धडा मी नुकसान सोसून शिकलो आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात एक छोटं साहित्य मंडळ आहे. महिन्यातून एकदा बसायचं, कविता वाचायच्या, चहा प्यायचा, एवढाच त्याचा पसारा. २०११ साली मंडळातल्या एका हौशी तरुणानं आमची वेबसाइट करून दिली. मंडळाचे जुने अंक, संमेलनांचे फोटो त्यावर चढवले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आमच्या एका बुजुर्ग उस्तादांच्या आवाजातल्या गझला. मराठी आणि उर्दू, दोन्ही. त्या मूळ कॅसेटवर होत्या. पुढे कपाटातल्या ओलीनं कॅसेटना बुरशी लागली, आणि २०१६ साली उस्तादही गेले. मग त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला, त्या वेबसाइटवर. त्यांचा मुलगा आखातात असतो. दर शुक्रवारी नमाजनंतर तो तिथून वडिलांचा आवाज ऐकायचा.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. ‘चाचा, वेबसाइट उघडत नाही.’ मी म्हणालो, ‘बेटा, सर्व्हर बंद असेल, होईल सुरू.’ सर्व्हर म्हणजे काय हे मला नीट ठाऊक नव्हतं, पण बँकेत आणि तहसील कचेरीत ते वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की तोंडात बसलं होतं. महिना गेला, दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. आवाज बदललेला होता. ‘चाचा, वेबसाइट उघडते, पण अब्बांच्या जागी जुगाराच्या जाहिराती आहेत.’

मी हादरलो. मंडळातल्या सगळ्यांचं एकच मत पडलं, कुणीतरी वेबसाइट हॅक केली. पोलिसांत जावं असंही ठरत होतं. तेवढ्यात माझी भाची घरी आली. ती संगणकाचं शिक्षण घेते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मामू, तक्रार नंतर करा. आधी विचारून तर बघू.’ मी म्हणालो, ‘कुणाला विचारायचं?’ ती म्हणाली, ‘ज्याला माहीत आहे त्याला.’

तिनं माझ्या संगणकावर एक काळी खिडकी उघडली. तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे चित्रं नसतात, बटणं नसतात. आपण एक ओळ लिहायची, यंत्रानं उत्तरादाखल काही ओळी लिहायच्या. मला ते फार आवडलं. सवाल-जवाबच तो.

तिनं लिहिलेला शब्द होता ‘एन-एस-लुकअप’. त्यापुढे एक जागा सोडून आमच्या वेबसाइटचं नाव. ही आज्ञा विंडोजच्या प्रत्येक संगणकात आधीपासूनच असते. मॅक किंवा लिनक्सवाले तिच्याऐवजी ‘डिग’ नावाची आज्ञा वापरतात. डिग म्हणजे खणणं, आणि ती खरोखरच जास्त खोल खणते. हे शब्द रोमन अक्षरांत टाइप करायचे, एवढंच लक्षात ठेवा. सराव करायचा असेल तर ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव वापरून पाहा. ते मुद्दाम उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं नाव आहे. असं विचारल्यानं काही बिघडत नाही. टेलिफोन डिरेक्टरी चाळण्यासारखंच ते निरुपद्रवी काम आहे.

उत्तर काय आलं ते सांगण्याआधी ही डिरेक्टरी आली कुठून, हे थोडक्यात सांगतो. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट जेव्हा अमेरिकेतल्या काही विद्यापीठांपुरतं आणि संशोधनसंस्थांपुरतं होतं, तेव्हा सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच यादीत मावत. ही यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ठेवली जाई. यादीच्या फाइलचं नाव होतं ‘होस्ट्स’. नवं यंत्र जोडलं की त्यांच्या कचेरीला कळवायचं, त्यांनी नोंद करायची, आणि बाकी सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी यादी फुगली. आपल्याकडची प्रत ताजी आहे की शिळी, हेही कळेना. मग १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी पद्धत आखली. एका कचेरीत एक वही ठेवण्यापेक्षा प्रत्येकानं आपल्या हद्दीपुरती वही ठेवावी आणि पुढच्याकडे बोट दाखवावं. हीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. आजही जग त्याच पद्धतीवर चालतं.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. परगावचा पाहुणा एसटी स्टँडवर उतरला आणि त्यानं माझं घर विचारलं, तर कंट्रोलरला माझं घर माहीत नसतं. पण आमचा मोहल्ला कुठल्या बाजूला, हे त्याला माहीत असतं. मोहल्ल्याच्या नाक्यावरचा रिक्षावाला गल्ली सांगतो. गल्लीतला पानवाला घर सांगतो. कुणालाच सगळं माहीत नसतं, पण पुढचा माणूस प्रत्येकाला माहीत असतो. नावाचा शोध असाच उजवीकडून डावीकडे सरकत जातो. सर्वांत वर मूळ सर्व्हर, म्हणजे रूट. त्यांची नावं ए पासून एम पर्यंत तेरा आहेत आणि बारा संस्था ते चालवतात. त्यांच्या प्रती जगभर शेकडो ठिकाणी पसरलेल्या आहेत, आपल्या मुंबईतही आहेत. रूटला एखादं ‘डॉट इन’चं नाव विचारलं तर तो म्हणतो, ‘मला घर माहीत नाही, पण डॉट इनचे लोक अमुक ठिकाणी बसतात.’ डॉट इनवाले म्हणतात, ‘या नावाची वही तमुक सर्व्हरकडे आहे.’ तो तमुक सर्व्हर शेवटी आकडा सांगतो. डिगला ‘ट्रेस’ असं सांगितलं तर ही सगळी विचारपूस पायरीपायरीनं पडद्यावर दिसते. एखाद्या घराण्याची वंशावळ वाचावी तशी मी ती वाचली.

रोजच्या वेळी एवढी पायपीट आपला संगणक करत नाही. आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेकडे आपल्या वतीनं विचारून येणारा एक सर्व्हर असतो. एकदा विचारलेलं तो काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, ते मूळ उत्तरातच सेकंदांत लिहिलेलं असतं. डिगच्या उत्तरात नावापुढे ३६०० हा आकडा दिसला तर एक तास, ८६४०० दिसला तर एक दिवस. म्हणून एखाद्या वेबसाइटनं बिऱ्हाड बदललं की काही लोकांना नवं घर लगेच दिसतं, तर काहींना त्या मुदतीपर्यंत जुनंच. एन-एस-लुकअपच्या उत्तरात बहुतेक वेळा एक वाक्य येतं. त्याचा मथितार्थ असा, की ‘हे उत्तर अधिकृत नाही’. ते वाचून घाबरायचं कारण नाही. ‘मी घरमालकाला विचारलेलं नाही, ऐकलेलं सांगतोय,’ एवढाच त्याचा अर्थ. यंत्रदेखील ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगतं, हे मला फारच भलेपणाचं वाटलं.

आता आमच्या उत्तराकडे येऊ. आकड्यांचा पत्ता आला. टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे, प्रत्येक शून्य ते २५५ यांच्या दरम्यानचा. भाची म्हणाली, ‘मामू, वेबसाइट ज्यांच्याकडे ठेवली आहे त्यांचं बिल आहे का?’ बिल होतं. मंडळाचा खजिनदार मीच. वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, तिचं भाडं मी दरवर्षी न चुकता भरत होतो. अगदी सुरुवातीला आलेल्या त्यांच्या पत्रात सर्व्हरचा आकडा छापलेला होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले. जुळले नाहीत.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. डीएनएसच्या वहीत एका नावापुढे अनेक प्रकारच्या नोंदी असतात. ‘ए’ नावाची नोंद घराचा आकडा सांगते. हे जुन्या पद्धतीचे आकडे सुमारे ४३० कोटीच होऊ शकतात. ते अपुरे पडू लागल्यामुळे नवे लांबलचक पत्ते आले, त्यांच्या नोंदीला चार वेळा ए लिहितात. ‘एमएक्स’ची नोंद त्या नावानं येणारी ई-मेल कुठे टाकायची ते सांगते. ती घराची टपालपेटीच. ‘टीएक्सटी’मध्ये मालक मोकळा मजकूर लिहू शकतो. ‘आमच्या नावानं पत्रं पाठवायचा अधिकार फक्त यांनाच आहे’ अशी सूचना बहुधा तिथेच असते. आणि ‘एनएस’ची नोंद सांगते की या नावाची वही सध्या कुणाच्या ताब्यात आहे. आमच्या नावाची एनएस नोंद काढली, तर तिथे कधी न ऐकलेल्या सर्व्हरांची नावं. म्हणजे घर फोडून कुणी आत शिरलं नव्हतं. वहीच दुसऱ्याकडे गेली होती.

तिसरा प्रश्न होता ‘हू इज’, म्हणजे कोण आहे. ही डीएनएसपेक्षा वेगळी नोंद. डीएनएस घराचा पत्ता सांगतं, तर हू इज त्या नावाचा सातबारा दाखवतं. नाव कुठल्या कंपनीमार्फत नोंदलं, पहिली नोंद कधी झाली, मुदत कधी संपते, सध्या त्याची अवस्था काय. पूर्वी त्यात मालकाचं नाव, पत्ता, फोन असं सगळं उघड दिसे. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून मालकाचा तपशील बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आता ‘आरडॅप’ नावाची नवी पद्धत आली आहे. २०२५ च्या जानेवारीपासून जुनी हू इज सेवा चालू ठेवण्याचं बंधन तिथल्या कंपन्यांवर राहिलेलं नाही. पण तारखा आजही दिसतात. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर नावं नोंदवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर हे शोधण्यासाठी चौकट दिलेली असते.

आमचा सातबारा पडद्यावर आला. मालकाच्या जागी ‘माहिती झाकलेली आहे’ असं लिहिलेलं. पण जन्मतारीख मला स्वच्छ दिसली. आमचं नाव २०११ चं. नोंदीत मात्र त्याचा जन्म मागच्या आठवड्यातला. म्हणजे आमचं नाव मेलं होतं, आणि त्याच नावानं दुसरंच कुणीतरी जन्माला आलं होतं.

हे कसं घडलं? डोमेन नेम विकत मिळत नाही, ते मुदतीनं मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. ज्या तरुणानं वेबसाइट केली, त्यानं नाव स्वतःच्याच खात्यातून नोंदवलं होतं. त्याची फी तो स्वतःच्या खिशातून भरत होता आणि आम्हाला कधी बोललाही नव्हता. पुढे तो पुण्याला गेला, तिथून परदेशी. नोकरी बदलली, कार्ड बदललं, जुन्या कचेरीतला ई-मेल बंद झाला. मुदत संपत आल्याची पत्रं त्या बंद पेटीत पडत राहिली. त्याला दोष देववत नाही. अकरा वर्षं त्यानं गुपचूप आमचं देणं फेडलं. चूक आमचीच. आम्ही खोलीचं भाडं भरत होतो. दारावरची पाटी कुणाच्या नावावर आहे, हे कधी विचारलंच नाही.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांची मुदत संपली म्हणून ती लगेच दुसऱ्याला मिळत नाहीत. आधी सवलतीचा काळ असतो. तो कंपनीगणिक वेगळा, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. त्यात नेहमीची फी भरून नाव परत घेता येतं. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ, त्यात जास्तीचा दंड भरून सोडवता येतं. शेवटी पाच दिवस नाव पुसलं जाण्याच्या वाटेवर असतं. त्यानंतर ते बाजारात मोकळं होतं, जो आधी येईल त्याचं. जुन्या, लोकांच्या ओळखीच्या नावांवर टपून बसलेली मंडळी असतात. त्यांना आमच्या कवितांशी देणंघेणं नव्हतं. त्या नावावर येणारी माणसं हवी होती.

आता हिशेब करा. ४५ आणि ३० आणि ५ मिळून ८० दिवस. उस्तादांच्या मुलाचा पहिला फोन आला तेव्हा मी त्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली असती, तर मुदत संपल्याचं तिथेच दिसलं असतं. फी भरून नाव वाचलं असतं. ‘सर्व्हर बंद असेल’ असं म्हणत मी ते सगळे दिवस घालवले. विचारायला एक पैसा लागत नव्हता. न विचारण्याची किंमत मात्र मोठी होती.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही, एवढंच समाधान. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीची ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाची फी भरायची राहिली. हॉटमेलमध्ये शिरण्याचा रस्ता त्या नावावरून जात होता, त्यामुळे अनेकांना आपली पत्रं उघडता येईनात. मायकल चेनी या अमेरिकन प्रोग्रामरनं नोंद तपासून दुखणं ओळखलं आणि स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. नाव न गमावताही घर हरवू शकतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. दुरुस्तीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली, आणि त्यांच्या नावांची वही ज्या सर्व्हरांकडे होती तिथपर्यंत जाणारे रस्तेच पुसले गेले. घरं जागेवर होती, पण पत्ता सांगणारा पानवालाच सापडत नव्हता. त्या रात्री ज्यांनी डिगनं विचारलं, त्यांना ‘सर्व्हफेल’ असं उत्तर मिळालं. म्हणजे नाव चुकीचं नाही, पण उत्तर मिळवता येत नाही. जे नाव अस्तित्वातच नसतं, त्याला ‘एनएक्सडोमेन’ असं वेगळं उत्तर येतं. नावच नाही आणि नाव आहे पण सांगणारा नाही, या दोन गोष्टींत यंत्र गल्लत करत नाही.

आमच्या बाबतीत तिसरीच गोष्ट होती. नाव होतं, सांगणाराही होता, पण तो दुसऱ्याच घराकडे बोट दाखवत होता. मग आमचं जुनं घर कुठे गेलं? भाची हसली. ‘मामू, तुम्ही भाडं भरलंय ना? मग घर जागेवरच असणार. पाटी गेली आहे, घर नाही.’

तिनं जे केलं ते पाहून मी थक्क झालो. मघाशी त्या जुन्या ‘होस्ट्स’ यादीची गोष्ट सांगितली. जगानं ती यादी सोडून चाळीसेक वर्षं होत आली, तरी त्या नावाची छोटी फाइल आजही प्रत्येक संगणकात असते. बाहेर कुणाला पत्ता विचारण्याआधी संगणक सहसा आधी ही घरची वही चाळतो. भाचीनं त्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. आधी बिलाच्या पत्रातला जुना आकडा, पुढे आमच्या मंडळाचं नाव. मग ब्राउझरमध्ये नाव टाकलं. ब्राउझरनं सुरक्षिततेबद्दल थोडी कुरकुर केली, आणि आमचं पान उघडलं. तेच हिरवट रंगाचं, जुन्या वळणाचं पान. साऱ्या जगासाठी त्या नावावर जुगार चालला होता. फक्त आमच्या घरातल्या त्या एका संगणकावर उस्ताद परत आले होते.

रात्री उशिरापर्यंत आम्ही एकेक फाइल उतरवून घेतली. बावीस गझला होत्या. पहिल्या गझलेच्या आधी उस्ताद घसा खाकरतात आणि कुणाला तरी म्हणतात, ‘पंखा बंद करो.’ तेवढं ऐकलं आणि मी चष्मा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळं त्यांच्या मुलाला पाठवलं. तो फोनवर काही बोललाच नाही.

जुनं नाव परत मिळालं नाही. आम्ही नवं घेतलं, ‘डॉट इन’चं. या डॉट इनचाही एक मराठी मुलखातला संबंध आहे. सुरुवातीच्या काळात देशाच्या या नावाची नोंदवही मुंबईतली एनसीएसटी ही सरकारी संस्था सांभाळत होती. २००५ पासून ते काम निक्सी या संस्थेकडे आहे. २०१४ साली देवनागरीतलं ‘डॉट भारत’ही सुरू झालं. मराठीतलं पूर्ण नाव आता देवनागरीत घेता येतं. पण डीएनएसच्या वहीत आजही रोमन अक्षरंच चालतात. म्हणून आपण देवनागरीत नाव लिहिलं की पडद्यामागे त्याचं एका सांकेतिक रोमन शब्दात रूपांतर होतं. त्याची सुरुवात एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी होते. डिगनं विचारलं की तो शब्द दिसतो. आपल्या भाषेनं दुसऱ्याचा सदरा घालून दरबारात जावं तसं मला वाटलं. पण ती गेली आहे, हे खरं.

जाता जाता फसवणुकीबद्दल दोन शब्द. नाव उजवीकडून वाचायची सवय लावा. शोध उजवीकडून सुरू होतो, म्हणून मालकही उजव्या टोकाकडेच कळतो. रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बाहेरच्या कुणाला हे नाव मिळत नाही. पण ‘बँक डॉट इन’ हे शब्द नावाच्या मध्येच आले आणि त्यांच्या पुढे उजवीकडे आणखी काही डॉट आले, तर ते घर बँकेचं नव्हे. खरा मालक त्या शेवटच्या दोन-तीन शब्दांचा. शंका आली तर हू इजमध्ये जन्मतारीख बघा. पन्नास वर्षांची पतपेढी म्हणवणाऱ्या वेबसाइटचं नाव गेल्या मंगळवारी जन्मलेलं असेल, तर पैसे खिशातच ठेवा. मात्र हेही लक्षात असू द्या, की या नोंदी पत्ता सांगतात, माणसाचं चारित्र्य सांगत नाहीत. जुनी नोंद म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे.

आणि ज्यांच्या शाळेची, वाचनालयाची, पतसंस्थेची, दुकानाची वेबसाइट आहे, त्यांना माझी विनंती आहे. आज एवढं करा. आपलं नाव हू इजमध्ये घालून मुदतीची तारीख कागदावर लिहून घ्या. ते कुणाच्या खात्यातून नोंदलेलं आहे ते विचारा. ते एखाद्या पोराच्या नावावर असेल तर त्याचे आभार मानून संस्थेच्या नावावर करून घ्या. सूचनेची पत्रं संस्थेच्या, रोज उघडल्या जाणाऱ्या ई-मेलवर येतील असं करा. एन-एस-लुकअपनं आज येणारा आकडा आणि एनएसची नोंदही लिहून ठेवा, म्हणजे उद्या काही बदललं तर ताडून बघता येईल. आणि जे मोलाचं आहे त्याची एक प्रत घरातही ठेवा.

आमच्या मंडळाच्या वहीत वीजबिल आणि वर्तमानपत्राचं बिल यांच्या खाली आता एक नवी ओळ असते. ‘नावाची मुदत’, आणि पुढे तारीख. दर बैठकीला चहा येण्याआधी ती ओळ मी मोठ्यानं वाचतो. मंडळातले काही जण हसतात. हसू देत. तखल्लुस लोकांच्या तोंडी राहतं, त्याला कुणाची फी नसते. पाटीवरचं नाव मात्र दर वर्षी कुणीतरी आठवणीनं जपावं लागतं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश.)